अंतर्ज्वलन इंजिन (मोटारीचे)

इंधन सिलिंडरच्या आतच जाळून त्या उष्णतेतून गती निर्माण करणारे यंत्र. वाफेच्या इंजिनात इंधन वेगळ्या बॉयलरखाली जळते. येथे जळलेला वायूच पिस्टनला रेटतो. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले. रूडॉल्फ डीझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये चाचणीत उतरले. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही प्रकारची वाहने बनत आली आहेत.

कार्यपद्धती : पिस्टन कनेक्टिंग रॉडने क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. सक्शन धावेत तो खाली येतो आणि हवा आत ओढली जाते. कॉम्प्रेशन धावेत व्हॉल्व्ह बंद राहून ती दाबली जाते. पॉवर धावेत तापून प्रसरण पावलेला वायू पिस्टन खाली ढकलतो. एक्झॉस्ट धावेत धूर बाहेर पडतो. या चार धावांत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात आणि शक्ती मिळते ती एकाच धावेत. उरलेल्या तिन्ही धावा फ्लायव्हीलच्या गतीवर व इतर सिलिंडरांच्या जोरावर पार पडतात. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरून व्हॉल्व्हची उघडझाप करतो.

प्रज्वलन : पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पाडतात. बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सर मोटारसायकलीच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले. ज्योतीला कापावे लागणारे अंतर घटून ज्वलन जलद झाले. डिझेल इंजिनात फक्त हवा दाबतात. ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. टाटांच्या इंडिकाच्या (१९९८) सुरुवातीच्या १.४ लिटर डिझेल इंजिनात ही फवारणी सिलिंडरलगतच्या लहान कक्षात होई. त्यामुळे आवाज सौम्य राही, पण कक्षाच्या भिंतींत उष्णता वाया जाई. पुढच्या कॉमन रेल इंजिनांनी उच्च दाबाने थेट सिलिंडरात फवारणी करून ही तूट कमी केली.

क्षमता : चाकणला बनणाऱ्या फोक्सवागन टायगुनचे ९९९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरांचे आहे. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने त्यात सेकंदाला ७५ वेळा ज्वलन होते. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचार्जर फिरतो आणि जास्त हवा आत दाबतो. त्यामुळे लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते. तरीही इंधनातील बहुतांश ऊर्जा धूर आणि रेडिएटरवाटे उष्णतेच्या रूपाने निघून जाते.