पेटीतला गंधार : मुंबईतील समविभाजित स्वरांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्मोनियम मुंबईच्या संगीतजीवनात रुळली, तेव्हा तिच्याबरोबर एक परकी स्वरव्यवस्थाही गिरगावच्या नाट्यगृहांत आणि परळ-लालबागच्या चाळींत येऊन पोहोचली. 1840च्या दशकात अलेक्झांडर दबँ यांनी पॅरिसमध्ये सिद्ध केलेले हे वाद्य ज्या युरोपीय संगीतासाठी घडले, त्याचा पाया कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा तीन किंवा अधिक स्वरांचा संघात, हा होता. षड्ज, गंधार आणि पंचम यांच्या कंपनसंख्या 4:5:6 या प्रमाणात असल्या, की हा संघात पूर्णपणे जुळलेला ऐकू येतो. परंतु बांधीव पट्ट्यांच्या वाद्यावर प्रत्येक स्वरापासून असा शुद्ध संघात मिळणे अशक्य असते. एका स्वरापासून शुद्ध पंचमाच्या चार पायऱ्या चढून दोन सप्तके खाली आल्यास जो गंधार हाती येतो, तो 5:4 या प्रमाणाच्या गंधारापेक्षा 81:80 इतका चढा निघतो. या सूक्ष्म अंतराला पाश्चात्त्य शास्त्रात कॉमा म्हणतात.

ही अडचण टाळण्यासाठी युरोपने सप्तकाचे बारा समान भाग केले आणि प्रत्येक संघातात थोडी खोट मान्य केली. संपूर्ण सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिल्यास शुद्ध पंचम 702व्या भागावर येतो आणि समविभाजित पंचम 700व्या भागावर, म्हणजे तिथे फरक जवळजवळ जाणवत नाही. शुद्ध गंधार मात्र 386व्या भागाजवळ असतो आणि पेटीतला 400व्या भागावर. पाठ्यपुस्तकांत षड्जाची कंपनसंख्या 240 धरतात. त्या हिशेबाने शुद्ध गंधार 300चा, तर पेटीतला सुमारे 302.4चा येतो, आणि षड्जाबरोबर तो लांबवला असता सेकंदाला नऊहून अधिक वेळा स्वराची लहर फुटते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे त्या तारेच्या नादात आपोआप उमटणारा गंधार, ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ही लहर विशेष खुपते. त्यामुळे युरोपात संघातापुरता राहिलेला प्रश्न येथे गायकाच्या एकेका स्वराचा प्रश्न झाला.

संगीत नाटकाने पेटीला प्रतिष्ठा दिली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला साथीपलीकडचे स्वतंत्र स्थान मिळवून दिले. त्याच काळात सांगलीचे कृ. बा. देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने स्वरांचे मापन करून 1910 साली बावीस श्रुतींवरील, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांवरील, आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने तोच विचार पुढे नेला आणि त्यातून श्रुति-हार्मोनियम तयार झाली, पण 1916 साली बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्या स्वरांना जाणत्या गवयांची मान्यता लाभली नाही. वाळकेश्वरात जन्मलेले पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी तर रागांचे वर्गीकरण बारा स्वरांच्या आधारेच दहा थाटांत केले. श्रुतींची सूक्ष्मता नाकारण्यासाठी नव्हे, तर तिच्यावरील मतभेदांत संगीताचे शिक्षण अडकू नये म्हणून त्यांनी हा मार्ग धरला, असे त्यांच्या कार्याकडे पाहता म्हणता येते.

1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1970च्या दशकात सैल होईपर्यंत रेडिओवरील गायनाला सारंगीची साथ अधिकृत राहिली. मात्र ही बंदी गिरणगावात पोहोचू शकत नव्हती. परळ-लालबागच्या भजनी मंडळांत, विशेषतः कोकणातून आलेल्या कामगारांच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, एका बुवाची पट्टी काळी एक असे, तर दुसऱ्याची काळी चार, आणि एकाच पेटीने दोघांनाही साथ द्यावी लागे. एका षड्जाला शुद्ध जुळवलेली पेटी दुसऱ्या षड्जावर अधिकच बेसूर होते. समान भागांची पेटी कुठेही पूर्ण शुद्ध नसते, पण सर्वत्र सारखीच असते. ज्या वस्तीत वाद्य एकाचे नसून मंडळाचे होते, तिथे हा गुण गंधाराच्या खोटीहून मोठा ठरला. पट्ट्या सरकवून षड्ज बदलणारी स्केलचेंजर पेटीही याच समानतेवर उभी आहे.

याउलट, एकाच गायकाची साथ करणाऱ्या वादकांनी गंधार ट्यूनिंगची वाट धरली. या पद्धतीत कारागीर ठरलेल्या षड्जावर तंबोरा लावून रीड, म्हणजे हवेने कंप पावणारी पितळी पात, टोकाकडे घासून स्वर चढवतो किंवा मुळाकडे घासून उतरवतो, आणि गंधार स्वयंभू गंधाराशी लहरविरहित मिळेपर्यंत हे काम चालते. गिरगाव-दादरच्या वाद्यविक्रेत्यांकडे आणि दुरुस्ती करणाऱ्यांकडे हे ज्ञान सूत्रांत नव्हे, कानात साठलेले आहे. पं. तुळशीदास बोरकर यांच्या पिढीच्या वादकांनी हाताचाही उपाय जोपासला : गायक कोमल स्वरावर किंवा गंधारावर ठहरला, की पेटी तो स्वर धरून ठेवत नाही, ती षड्ज-पंचमाचा आधार देऊन मागे सरते.

कॉर्डचा प्रश्न पुन्हा थेट उभा राहिला तो वाद्यवृंदात. मूळचे गोव्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापून रागाच्या सुरावटीखाली स्वरसंघात बसवण्याचा प्रयत्न केला. पियानोचा स्वर जिथे ठाम असतो, तिथे व्हायोलिनचा स्वर बोटाने हलवता येतो, म्हणून अशा रचनांत गायकाला जागा देण्याचे मोठे काम तंतुवाद्यांवर येते.

अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून देवल-क्लेमंट्स यांचा प्रश्न नव्या पद्धतीने हाताळला आहे. तथापि या शतकभराच्या इतिहासाचा मुख्य धडा वेगळा आहे. शुद्धता कोणत्या पट्टीत कोरावी, याचे उत्तर ग्रंथकारांनी शोधले. ती कोणासाठी, किती वेळ आणि कोणत्या षड्जाशी राखावी, हे मुंबईतील साथीदारांनी, भजनी मंडळांनी आणि ट्यूनिंग करणाऱ्या कारागिरांनी ठरवले. संगीताच्या इतिहासलेखनात आजवर पहिल्या प्रयत्नाला ठळक स्थान मिळाले आहे. दुसरा प्रयत्नही शास्त्रविचारच आहे, आणि कारागिरांच्या कानातले ते ज्ञान वेळीच नोंदवून ठेवणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे.