साबण, टूथब्रश आणि चाळीस हजार पेंग्विन

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

मुंबईत राणीच्या बागेत काचेमागचे पेंग्विन बघायला तुमच्यापैकी बरेच जण रांगेत उभे राहिले असतील. ते हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. त्यांचे चुलतभाऊ राहतात आफ्रिकेत. आता आफ्रिका म्हटलं की आपल्याला सिंह, हत्ती, जिराफ आठवतात. पेंग्विन कुठून आले? तर दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा समुद्रप्रवाह वाहतो, त्यात सार्डिनसारखे छोटे मासे मुबलक असायचे, आणि त्या माशांवर हे पेंग्विन जगायचे. वजन साधारण तीन किलो, उंची आपल्या गुडघ्यापर्यंत.

आजची गोष्ट या पक्ष्यांची, आणि त्यांच्यासाठी धावून आलेल्या साध्यासुध्या माणसांची. पण ती सुरू होते थेट सुएझ कालव्यापासून!

जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि सुएझ कालवा बंद पडला, तो थेट १९७५ पर्यंत. आखातातून युरोपला जाणारे तेलाचे टँकर मग आफ्रिकेला वळसा घालून, केप टाऊनवरून जायला लागले. जहाजं वाढली, अपघात वाढले. १९६८ मध्ये अशाच एका तेलगळतीत शेकडो पेंग्विन माखले. अल्थिया वेस्टफाल नावाच्या बाईंनी त्यातले काही चक्क आपल्या घरी आणले आणि त्यांची शुश्रूषा केली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने एक संस्था उभी राहिली, ती आज सॅनकॉब या नावाने ओळखली जाते.

तेलाने नेमकं काय होतं, ते सांगतो. पेंग्विनची पिसं एकात एक गुंतून घट्ट कोटासारखी बसलेली असतात, पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. तेल लागलं की ती वीण सुटते. गार पाणी आत शिरतं, पक्षी काकडतो आणि किनाऱ्यावर येऊन उभा राहतो. समुद्रात जाता येत नाही म्हणजे खायलाही मिळत नाही. चोचीने पिसं साफ करायला जातो तर तेच तेल पोटात जातं. म्हणजे भूक, थंडी आणि विष, तिन्ही एकदम.

१९९४ मध्ये 'अपोलो सी' हे जहाज बुडालं तेव्हा सुमारे दहा हजार पेंग्विन माखले होते. त्यातले जवळपास निम्मे मेले. एवढे पक्षी एकदम येतील अशी तयारीच नव्हती.

आणि मग आला २३ जून २०००. ब्राझीलहून चीनकडे लोहखनिज घेऊन निघालेलं 'ट्रेझर' नावाचं जहाज रॉबेन आणि डासेन या दोन बेटांच्या मध्ये बुडालं. त्यातलं सुमारे १३०० टन इंधन तेल समुद्रात सुटलं. रॉबेन बेट म्हणजे तेच, जिथे मंडेला अठरा वर्षं कैदेत होते. त्यांना तिथून १९८२ मध्ये हलवलं, आणि जवळपास दोनशे वर्षं गायब असलेले पेंग्विन तिथे १९८३ मध्ये परत आले. योगायोग आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जवळपास १९,००० पक्षी तेलाने माखले. सॅनकॉबच्या केंद्रात एवढी जागा कुठली? सॉल्ट रिव्हर भागातलं एक भलंमोठं गोदाम घेतलं, तिथे घडीचे हौद मांडले आणि लोकांना हाक दिली. केप टाऊनमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळा, पावसाचे दिवस. तरी लोक आले. पुढच्या तीनएक महिन्यांत आलेल्यांची संख्या साधारण १२,५०० सांगतात. त्यात विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, नोकरदार होते. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांमधून आणि मत्स्यालयांमधून जाणकार मंडळीही आली.

काम काही गोंडस नव्हतं हो. पेंग्विन जोरात चावतो, चोचीला पुढे आकडा असतो. हातमोजे घालूनसुद्धा दंड काळेनिळे व्हायचे. शिवाय त्या बिचाऱ्याला काय माहीत की तुम्ही त्याला वाचवताय? त्याच्या दृष्टीने तुम्ही शिकारीच. मेलेला मासा तो अन्न मानतच नाही, त्यामुळे मांडीत धरून, चोच उघडून, एकेक सार्डिन डोक्याच्या बाजूने घशात सरकवायचा. हजारो पक्ष्यांना, रोज. धुताना एकाने धरायचं, दुसऱ्याने साबण चोळायचा, डोळ्यांभोवती टूथब्रश फिरवायचा. मग साबणाचा अंशही उरणार नाही असं खळखळून धुवायचं, कारण साबण राहिला तरी पिसं पाणी अडवत नाहीत.

पण मला सर्वात थोर वाटते ती दुसरीच युक्ती. बेटांवर अजून न माखलेले हजारो पक्षी होते. ते पाण्यात उतरले की संपलंच. मग सुमारे १९,५०० निरोगी पक्षी पकडले, खोक्यांमध्ये भरले आणि ट्रकने पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले. तिथून घर म्हणजे आठेकशे किलोमीटर. पेंग्विन पोहत घरी निघाले आणि ते पोचेपर्यंत इकडे समुद्र साफ करायला वेळ मिळाला! पीटर, पर्सी आणि पामेला या तिघांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली होती. त्यांचा प्रवास लोक इंटरनेटवर रोज बघायचे, जसा आपण पालखीचा मुक्काम विचारतो तसा.

धुतलेल्या पक्ष्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जिवंत समुद्रात परत गेले. १९९४ शी तुलना करा म्हणजे कळेल.

आता जरा कडू भाग. आफ्रिकेत जाऊन प्राण्यांची सेवा करावी असं आज बऱ्याच तरुणांना वाटतं, आणि त्याचा धंदाही झालाय. दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी पैसे भरून आलेले स्वयंसेवक 'अनाथ' सिंहाच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजायचे, आणि तेच सिंह मोठे झाले की कुंपणात शिकारीसाठी विकले जायचे. 'ब्लड लायन्स' या २०१५ च्या माहितीपटाने हे जगासमोर आणलं. म्हणून जायचं असेल तर एकच विचारा: हा प्राणी इथून पुढे कुठे जातो?

पेंग्विन समुद्रात गेले, हे खरं. पण समुद्रात मासाच कमी झाला होता. मोठ्या जाळ्यांची मासेमारी, आणि सार्डिनचे थवे पूर्वेकडे सरकलेले. २०२४ मध्ये या पेंग्विनची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली, जोड्या दहा हजारांहून कमी उरल्या. तेल साबणाने निघतं, भुकेला साबण नाही. म्हणून सॅनकॉबने पक्षी धुता धुता दुसऱ्या एका पक्षिसंस्थेबरोबर कोर्टाची पायरीही चढली. मार्च २०२५ मध्ये मासेमारी व्यवसायाशी समझोता होऊन न्यायालयाचा आदेश आला: सहा वसाहतींभोवती दहा वर्षं जाळं टाकून सार्डिन आणि अँकोव्ही पकडायचे नाहीत. त्या सहांमध्ये रॉबेन आणि डासेन, दोन्ही बेटं आहेत.