इंडस क्रीड : जुना सूर की नवा?

मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' नावाने सुरू झालेला हा इंग्रजी रॉक बँड १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला व १९९७ मध्ये विखुरला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले. अशा वेळी श्रोते जुनीच गाणी मागणार; संगीत नाटकांतील पदांना 'वन्स मोअर' देणाऱ्या रत्नागिरीकरांना ही ओढ परिचित आहे. तथापि विशीतला आवेश पुढे उसना आणावा लागतो. या कलावंतांनी तो मोह टाळला, हे योग्यच झाले. बास व ड्रमवर नवे वादक घेऊन २०१२ मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला. त्यातील रचना पूर्वीपेक्षा गुंतागुंतीच्या आहेत. पहिल्याच ऐकण्यात त्या ओठांवर रुळत नाहीत.