तार क्रमांक सोळा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या शाळेने जुनी प्रयोगशाळा पाडायला काढली. भंगारात जाणाऱ्या ढिगातून मी एक संगणक, त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह आणि दोघांना जोडणारी करडी पट्टी मागून घेतली. संगणक होता बीबीसी मायक्रो. दहावीत असताना कीबोर्डला पहिल्यांदा हात लावला तो याच खोलीत.

हे यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे. ब्रिटिश प्रसारण संस्थेच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी ते १९८१ च्या अखेरीस बाजारात आले. 'मॉडेल बी'ची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. १९८४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा हेच यंत्र निवडले गेले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने याच यंत्राची 'युनिकॉर्न' नावाची भारतीय आवृत्तीही काढली. या प्रकल्पाविषयी जे माझ्या वाचनात आले, त्यात यंत्रांच्या वाटपाची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची चर्चा आहे. ती यंत्रे चालू कोणी ठेवली, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याचे एक उत्तर मला त्या करड्या पट्टीत सापडले.

दुरुस्तीच्या दुकानांत या पट्टीला फ्लॅट केबल किंवा रिबन केबल म्हणतात. हिच्यात ३४ तारा शेजारी-शेजारी असतात, दोन तारांच्या मध्यांत अंतर १.२७ मिलिमीटर. लाल कडेची तार क्रमांक एक. संदेश वाहतात त्या सम क्रमांकाच्या तारा. विषम क्रमांकाच्या १७ तारा जमिनीला जोडलेल्या. एकीचा संदेश दुसरीत झिरपू नये म्हणून ही योजना. टोकाच्या कनेक्टरमध्ये दुबेळक्याच्या आकाराचे बारीक धातूचे दाते असतात. पट्टी मध्ये ठेवून दाबली की दाते प्लास्टिक कापून तांब्याला घट्ट धरतात. म्हणजे ३४ सांधे एका दाबात तयार होतात, सोल्डर लागतच नाही. कारखान्याला हे फार सोयीचे. सांधणाऱ्याला मात्र एकेका तारेशी झटावे लागते.

पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर बदलून मी यंत्र सुरू केले. ड्राइव्हचा दिवा लागला, मोटार फिरली, पण अक्षर काही येईना. पट्टी उलगडली तर मधोमध उंदराने कुरतडलेली. लाल कडेच्या समोरच्या बाजूच्या २९ ते ३४ या सहा तारा तुटल्या होत्या. फ्लॉपीवरून वाचलेला मजकूर संगणकाकडे येतो तो तिसाव्या तारेतून. कोडे तिथेच सुटले.

नवी पट्टी महाग नाही, पण या जुन्या ड्राइव्हला लागणारे टोक आता सहज मिळत नाही. कुरतडलेला भाग कापून टाकावा, तर पट्टी आखूड पडते. तेवढ्यात लाल कडेकडून मोजताना सोळाव्या तारेवर एक गाठ बोटाला लागली. कोणीतरी ती तार पूर्वी जोडली होती आणि सांध्यावर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवली होती. सोळावी तार मोटार फिरवण्याचा हुकूम नेते. म्हणजे थोड्याच वेळापूर्वी माझ्यासमोर मोटार फिरली, ती या गाठीच्या जोरावर.

आमचे गणिताचे सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"सर, हे तुम्ही केलंत?"

"मग कोण येणार होतं रे? तार घडीत तुटली होती. शेजारच्या रेडिओवाल्याकडून डाग लावून आणला."

"नोंद का नाही केलीत कुठे?"

"सरकारी वस्तूला हात लावला म्हणून जाब कोणी द्यायचा?"

मग त्यांनी कपाटातून एक फ्लॉपी काढून दिली. आमच्यानंतरच्या मुलांनी मोजलेल्या पावसाची नोंद तिच्यावर होती. कागदी वही वाळवीने खाल्ली होती.

दुरुस्तीला दोन संध्याकाळी गेल्या. सहाही तारा मी वेगवेगळ्या अंतरावर कापल्या. सांधे एका ओळीत आले असते तर एकमेकांना चिकटले असते. ब्लेडने प्लास्टिक सोलले. प्रत्येक तारेत केसासारखे सात तंतू. ते पिळून त्यांवर सोल्डर चढवले, मध्ये तारेचा तुकडा जोडला, वर उष्णतेने आकसणारी नळी बसवली. मग मीटर लावून प्रत्येक तार सलग आहे आणि शेजारणीला टेकत नाही, याची खात्री केली. सोळाव्या तारेला हात लावला नाही.

ड्राइव्हचे हेड साफ केले. चुकून काही लिहिले जाऊ नये म्हणून फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली. मग सूची मागणारी आज्ञा दिली. पडद्यावर फाइलींची नावे उमटली, सात अक्षरांच्या मर्यादेत कशीबशी बसवलेली. दोन फाइली खराब निघाल्या. बाकीच्यांतला पाऊस, दिवसागणिक मिलिमीटरमध्ये, मी कागदावर उतरवून सरांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून पहिला जुलै शोधला.

दुरुस्तीची तारीख, जोडलेल्या तारांचे क्रमांक आणि सोळाव्या सांध्याची हकीकत लिहिलेली चिठ्ठी आता त्या पट्टीला बांधली आहे. सरांनी तिच्यावर सही केली. रेडिओवाल्याचे नावही त्यांनीच घातले. वाचकांपैकी कोणाच्या शाळेच्या अडगळीत असे यंत्र पडले असेल, तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पट्टीवरून एकदा बोट फिरवून पाहावे.