घरभरणी : नेकनूर परिसर

नव्या घरात राहायला जाताना करायचे विधी आणि त्यांना जोडलेल्या समजुती. बीड तालुक्यातील नेकनूर हे बालाघाटाच्या कमी पावसाच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चार-पाच महिने संसार होतो, पण तिची वास्तुशांत होत नाही. ती गावातल्या घराची होते. म्हणजे विधी डोक्यावरच्या छपराचा नाही, जिथे परतायचे त्या जागेशी नाते जोडण्याचा आहे. विधीचा क्रमही तेच सांगतो. कपाट-पलंगाआधी देव, पाण्याने भरलेला कलश आणि धान्य उंबरठा ओलांडते. नव्या चुलीवर किंवा गॅसवर काठोकाठ भरलेले पातेले ठेवून दूध मुद्दाम उतू जाऊ देतात. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यातील खड्ड्यात पालथी ठेवून वर फरशी बसवतात. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून घरात वावगे बोलू नये, ही शिकवण त्याच श्रद्धेतली. मग भाऊबंद व शेजारी जेवतात, आणि नवे घर गावाच्या ओळखीचे होते.  

हे सारे भीतीपोटी चालते, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्ण खोटा नाही. आषाढात व पौषात घर बदलत नाहीत; आषाढामागे माळवदाच्या घरांच्या काळातली पावसाची अडचण सांगता येते, पण कोरड्या पौषाला ते कारण लागू पडत नाही; तिथे निव्वळ धाक उरतो. तरीही उतू गेलेल्या दुधाने कुणी नागवले जात नाही. वास्तुदोष सांगून बांधलेली भिंत पाडायला लावणे ही मात्र वेगळी गोष्ट, कारण त्यात ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ उचल घेऊन उभारलेल्या घरावर नवे कर्ज चढते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही घरातील धार्मिक विधींना मोकळीक देताना शारीरिक इजा व आर्थिक नुकसान होऊ नये, अशी अट घातली आहे. घरभरणी त्या अटीत सहज बसते. भिंत पाडायचा सल्ला मात्र कुटुंबांनी बेलाशक नाकारावा.