खेळ संपला, जोर शिल्लक

‘रोबोट’ हा शब्द कारखान्यात नव्हे, रंगभूमीवर जन्मला. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. ज्या चेक शब्दावरून तो घडला, त्याचा अर्थ वेठ. शब्दांशी नाते असल्यामुळे मला याचे नेहमीच कुतूहल वाटते. वेठीचा माणूस काम सरले की जमिनीला पाठ टेकतो. यंत्र मात्र उभ्या हाताने, ताणल्या स्प्रिंगने तसेच थांबते.

१९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा यंत्रहात कामाला लागला. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधील फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला आणि यंत्राच्या हाताच्या तडाख्याने मरण पावला. रोबोटमुळे गेलेला हा पहिला बळी मानतात. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेने यंत्रांच्या दुरुस्तीसाठी नियम केला: वीज तोडा, वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला कुलूप लावा आणि आत साठलेला जोरही काढून टाका. यातले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे.

हेच शहाणपण खेळाच्या मैदानातही लागते. आशिया-पॅसिफिक देशांच्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली आणि तिचा विषय होता आपली दहीहंडी! यंत्रांनी उंचावरच्या हंडीतून लोणी काढायचे. सामना तीन मिनिटांचा. पण गोविंदांना विचारा, हंडी फुटली म्हणजे सारे संपले का? थर उतरवणे बाकी असते. वरचा आधी उतरतो, खालचा शेवटपर्यंत खांदा देतो.

यंत्राचेही तसेच. शिट्टी झाली की मुले आनंदाने धावतात, लाल बटण दाबतात. वीज गेली, पण मोटारीच्या बळावर वर धरलेला हात त्या क्षणी खाली येऊ शकतो. नळ्यांत दाबलेली हवा असते, स्प्रिंगमध्ये ताण असतो. म्हणून पंचांची खूण होईपर्यंत थांबावे. उचललेल्या हाताला आधी टेकू द्यावा, मग वीज बंद करावी, हवा सोडावी, स्प्रिंगचा ताण उतरवावा. त्यानंतरच हात सावकाश मिटून जागेवर आणावा. सांध्यांच्या फटीत बोट घालू नये. उचलायचे तर दोघांनी, सांगाड्याला धरून.

जामनेरच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. कापसाने भरलेली गाडी उभी करताना तो आधी चाकाला दगड लावतो, पुढे टेकू देतो आणि मगच बैल सोडतो. आधी आधार, मग सुटका. शहरात यंत्रे बनवायला गेलेल्या आपल्या मुलांनी हा क्रम गावाकडून सोबत न्यावा. चषक पुढच्या वर्षी मिळेल. बोट गेले तर परत येत नाही.