लोखंडाचा सांधा : भात्यापासून इन्व्हर्टरपर्यंत

जिंतूर तालुक्यातील आमच्या एका शिक्षक मित्रांनी मध्यंतरी एक साधा प्रश्न विचारला. घराचे फाटक, गोठ्याच्या पत्र्यांसाठी सांगाडा, शाळेतल्या बाकांचे मोडके पाय, अशी कामे त्यांना घरच्या घरी करायची होती. वेल्डिंगचे मशीन कोणते घ्यावे, असे ते विचारत होते. दुकानदाराने तीन प्रकारची यंत्रे दाखवली होती आणि तिन्हींची सारखीच स्तुती केली होती.

आम्ही उत्तर लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली ती यंत्रे म्हणजे इतिहासाचे टप्पे आहेत. प्रत्येक यंत्र कोणत्या तरी अडचणीवर उपाय म्हणून जन्माला आले. ती अडचण कळली की निवड सोपी होते. म्हणून हा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

भाता आणि ऐरण

लोखंडाला लोखंड जोडण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा, सात मीटरच्या आसपास उंच आणि सहा टनांहून जड. तो ओतून केलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून तो सांधला आहे. दख्खनच्या किल्ल्यांवर पितळी व काशाच्या ओतीव तोफांप्रमाणेच, लोखंडी पट्ट्या व कडी तापवून ठोकून बनवलेल्या तोफाही होत्या.

परभणीच्या गावागावांतला लोहार आणि पालावर उतरणारा घिसाडी हेच तंत्र वापरत असे. बैलगाडीच्या चाकाची धाव घ्या. लांब पट्टी वाकवून तिची दोन टोके एकमेकांवर ठेवायची, भाता मारून ती पांढरट होईपर्यंत तापवायची आणि घणाच्या घावांनी एकजीव करायची. येथे लोखंड वितळत नाही. ते १५३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि भट्टीत १२०० ते १३०० अंशांपर्यंतच जाते. मग सांधा कसा होतो? दोन स्वच्छ पृष्ठभाग पुरेसे तापले आणि दाबले गेले की दोन्हीकडचे अणू एकमेकांत मिसळू लागतात.

यातला ‘स्वच्छ’ हा शब्द महत्त्वाचा. तापलेल्या लोखंडावर हवेतील ऑक्सिजनमुळे लगेच खपली धरते. लोहार त्यावर चिमूटभर वाळू किंवा टाकणखार टाकतो. वाळूतील सिलिका आणि लोखंडाचे ऑक्साइड यांचा काचेसारखा पातळ रस होतो आणि घणाचा घाव बसला की तो ठिणग्यांबरोबर बाहेर उडतो. हवेला सांध्यापासून दूर ठेवणे, हा जोडकामाचा पहिला धडा लोहाराला ठाऊक होता. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो पुष्कळ नंतर आला.

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत धावू लागली आणि परभणीला यंत्रयुगाचे लोखंड दिसले. पण त्या काळचे पूल आणि बॉयलर वेल्डिंगने नव्हे, रिव्हेटने जोडत. जाड पत्रा भात्यावर तापवून सांधणे शक्य नव्हते. मोठ्या कामासाठी भट्टीपेक्षा प्रखर उष्णता हवी होती आणि ती नेमकी सांध्यावरच हवी होती.

विजेची कमान

अशी उष्णता विजेत आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच कळले होते. रशियात पेट्रोव्ह आणि इंग्लंडात हंफ्री डेव्ही यांनी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची झगझगीत कमान पेटवून दाखवली होती. या कमानीचे तापमान कित्येक हजार अंश असते. पण बॅटरीवर ती फार वेळ टिकत नसे. जनित्रे आल्यावर १८८१ मध्ये फ्रान्समध्ये ओग्यूस्त द मेरितां यांनी तिच्या उष्णतेने शिशाच्या पट्ट्या जोडल्या. १८८५ मध्ये निकोलाय बेनार्डोस आणि स्टानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी कार्बनच्या कांडीने लोखंड जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती स्वतः वितळून सांध्यात भरली जाई. आजचा ‘रॉड’ तो हाच.

परंतु हे उघड्या कांडीचे सांधे ठिसूळ निघत. कारण जुनेच होते : हवा. वितळलेले लोखंड हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेई. बोटींचे बॉयलर दुरुस्त करताना स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांना हाच त्रास झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी कांडीवर खनिजांचा लेप दिला. लेप जळताना वायूचे आवरण तयार होते आणि वितळलेल्या धातूवर काचेसारखी मळी पसरते. थंड झाल्यावर आपण हातोडीने ठोकून काढतो ती मळी हीच. ऐरणीवरची चिमूटभर वाळू आता कांडीला चिकटून आली होती!

लेपाने आणखी एक काम साधले. आपल्याकडची वीज प्रत्यावर्ती आहे. तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि तितक्या वेळा कमान विझू पाहते. लेपातील पोटॅशियमची संयुगे सहज आयनीभूत होतात आणि कमान पुन्हा पेटती ठेवतात. त्यामुळे साध्या ट्रान्सफॉर्मरवर वेल्डिंग करणे सोपे झाले. मराठवाड्यात खेडोपाडी वीज पोचल्यावर बाजारपेठेच्या प्रत्येक गावात ‘वेल्डिंग वर्क्स’ची पाटी लागली ती यामुळे.

मोडलेला फण

या बदलाची किंमत आमच्या घरानेही मोजली आहे. एका वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर झाला, रानाला वाफसा आला आणि तिफणीचा एक फण झिजलेला निघाला. एरवी तो लोहाराकडे गेला असता. त्या वेळी घाई होती. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा वेल्डिंग करून फणाला जोडून घेतला. काम दहा मिनिटांत झाले, सांधाही दिसायला सुबक होता. दुसऱ्या दिवशी भर पेरणीत फण मोडला. दुसरा तयार होऊन येईपर्यंत वाफसा गेला होता.

तो मोडका तुकडा आम्ही जपून ठेवला. सांधा शाबूत होता. त्याच्या लगतचा कमानपाटा काचेसारखा तुटला होता.

याचे कारण कार्बनमध्ये आहे. दुकानातल्या साध्या पट्टीत कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, तर कमानपाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक. विजेची कमान एवढासा भाग क्षणात तापवते आणि भोवतालचे थंड लोखंड ती उष्णता तितक्याच वेगाने ओढून घेते. लोहार लालबुंद पाते पाण्यात बुडवतो तेव्हा हेच घडते. त्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. फरक इतकाच, की लोहार त्यानंतर पाते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. वेल्डिंगमध्ये पाणी नकळत दिले गेले आणि उतारा राहून गेला. भरीस भर, पावसाळी हवेत ओलसर झालेल्या रॉडमधला हायड्रोजन धातूत शिरतो आणि तडे जाण्याला मदत करतो.

उपाय अवघड नाही. तुकडा आधी तापवून घ्यावा, कमी हायड्रोजनचा कोरडा रॉड वापरावा आणि सांधा गरम राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. अथवा सरळ नटबोल्ट वापरावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. अशा अवजारात झिजणारा फाळ वेगळा काढून बदलता येतो. जो भाग झिजणारच, तो कायमचा सांधू नये, हा त्यातला विचार आजही मोलाचा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलचलित सुधारित अवजारांवर संशोधन चालते. ती अवजारे पाहताना कोणता भाग सांधला आहे आणि कोणता बोल्टने बसवला आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.

जड पेटी, हलकी पेटी

आता मित्रांच्या प्रश्नाकडे येऊ. पहिले यंत्र म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर. तो अनेकदा पन्नास किलोहून जड असतो, पण वर्षानुवर्षे टिकतो आणि गावातही दुरुस्त होतो. त्याचा दोष एका गणितात दिसतो. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ८० अँपिअर प्रवाह लागतो असे समजू. कमान पेटल्यावर तिच्यावर सुमारे २३ व्होल्ट पडतात, म्हणजे शक्ती १८४० वॅट. पण कमान पेटवण्यासाठी ट्रान्सफॉर्मर ६५ व्होल्टचा करावा लागतो. त्यामुळे २३० व्होल्टच्या बाजूला ८० × ६५ ÷ २३०, म्हणजे जवळजवळ २३ अँपिअर प्रवाह ओढला जातो. घरातला मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो. शेजारचे दिवे मंद होतात ते यामुळे.

दुसरे यंत्र इन्व्हर्टर. ट्रान्सफॉर्मरचा गाभा किती मोठा लागेल, हे विजेच्या कंप्रतेवर अवलंबून असते. ५० हर्ट्झऐवजी कित्येक हजार हर्ट्झ वापरले तर मूठभर गाभा पुरतो. अडचण होती ती एवढा मोठा प्रवाह इतक्या वेगाने चालू-बंद करणाऱ्या स्विचची. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी नावाचा अर्धवाहक स्विच विकसित केला. मद्रास आयआयटीच्या या विद्यार्थ्याला त्यासाठी २०२४ मध्ये मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रांत हा स्विच असतो. यंत्राचे वजन पाच-सात किलोंवर येते. वरच्याच कामाला ते घरच्या लाइनवरून साधारण १३-१४ अँपिअर घेते, आणि एकदिश प्रवाह दिल्यामुळे कमानही शांत जळते. मात्र धूळ, उंदीर आणि विजेच्या दाबातील चढउतार त्याला सोसत नाहीत.

तिसरे यंत्र वायूच्या आवरणात अखंड तार सोडणारे, १९४० च्या दशकात पुढे आलेले. येथे लेपाचे काम सिलिंडरमधला वायू करतो. पातळ पत्र्याला ते उत्तम, पण उघड्या अंगणात वारा तो वायूच उडवून नेतो. शिवाय सिलिंडर वेळेवर भरून मिळायला हवा.

मग कोणते घ्यावे?

आम्ही मित्रांना एक फेजवर चालणारे, रॉडचे इन्व्हर्टर यंत्र सुचवले. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा ‘ड्यूटी सायकल’ पाहा, असेही कळवले. १२० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. रॉडच्या जाडीच्या दर मिलिमीटरला ३० ते ४० अँपिअर धरावेत आणि घरकामाला ई ६०१३ प्रकारचा रॉड वापरावा. वर्षातून दोनच कामे असतील, तर यंत्र न घेता गावातल्या कारागिराला काम द्यावे, हेही लिहिले.

यंत्राच्या पैशांत तीन गोष्टी आधी बसवाव्यात : योग्य काचेचा मुखवटा, कातडी हातमोजे आणि पक्के अर्थिंग. कमानीतील अतिनील किरणांचा त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. साधा काळा चष्मा येथे निरुपयोगी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू नये, निदान सांध्याजवळचा मुलामा घासून काढावा. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने थंडीताप भरतो. ओल्या जमिनीवर उभे राहून तर काम करूच नये.

शाळेत यंत्र नसले तरी हा धडा शिकवता येतो. विद्यार्थ्यांना गावातील एखाद्या वृद्ध लोहाराकडे आणि नंतर वेल्डिंगच्या दुकानात न्यावे. कमानीकडे मात्र कोणालाही पाहू देऊ नये. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : सांध्यात हवा शिरू नये म्हणून तुम्ही काय करता? एक जण वाळूची चिमूट दाखवेल, दुसरा रॉडवरचा लेप. आमच्या टेबलावरचा तो मोडका फणही आम्ही पुढच्या खेपेस मित्रांच्या वर्गासाठी नेणार आहोत.